जिवंतपणी मिळालेली श्रद्धांजली

माझ्या मोबाइलमध्ये माझाच एक फोटो आहे. चारही बाजूंनी झेंडूच्या माळा, खाली दोन समया आणि मधोमध मी, हेल्मेट घालून दात काढतोय. वर लिहिलंय, ‘भावपूर्ण श्रद्धांजली. सायकलवीर हरपला.’ बायको म्हणते ते अभद्र आधी काढून टाका. मी काढत नाही. आपण गेल्यावर लोक आपल्याबद्दल काय म्हणणार, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला मिळालेला अख्ख्या पंचक्रोशीत मी एकटाच माणूस आहे, आणि हा मान मी कुणालाही देणार नाही. तक्रार एकच आहे, फोटो फार जुना निवडला. त्यात माझं पोट दिसतं, आणि ते पोट मी सायकल चालवून केव्हाच घालवलं होतं.

मी मोटारी भरतो. विहिरीवरची पाण्याची मोटार जळाली की तिच्यातली जळकी तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेटोळी घालून बसवायची, हे माझं काम. मंचरजवळ दुकान आहे. दिवसभर स्टुलावर बसून बसून अडतिसाव्या वर्षी मी पिंपासारखा झालो, तेव्हा कुणीतरी सायकल चालव म्हणालं. चालवली. मग तिचं वेडच लागलं. रविवारी पहाटे निघून जुन्नरवरून घाटघर गाठायचं, नाणेघाटाच्या तोंडाशी चहा घ्यायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी. सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या मांड्या बघून दुकानात येणारी पोरं गप्प बसायची. नाडी पन्नास! मी ती गिऱ्हाइकांना मोजायला लावायचो. एवढा माज होता, खोटं कशाला बोलू?

त्या चैत्रात आम्ही दोघं निघालो होतो, मी आणि माझा सायकलमित्र. हा हायस्कुलात खेळाचा शिक्षक, आम्ही सगळे त्याला मास्तर म्हणतो. निरगुडसरला जाऊन परत यायचं, एवढाच बेत होता. येताना वाटेत एका गावची यात्रा लागली आणि बैलगाड्यांचा घाट भरलेला दिसला. घाट म्हणजे शर्यतीची चढाची धावपट्टी. पुढे घोडी, मागे चार बैल, गाड्यावर माणूस नाही, आणि दहा-बारा सेकंदांत सगळा खेळ खलास; अशा एका धावेला बारी म्हणतात. आमच्या भागातला माणूस हे दृश्य सोडून पुढे जाऊच शकत नाही. आम्ही सायकली एका टेम्पोला टेकवल्या आणि गर्दीत घुसलो.

मला आठवतं ते एवढंच. हलगी वाजत होती, बारी सुटली, बैलांच्या खुरांनी उडालेली माती तोंडावर आली, आणि सगळ्या घाटाबरोबर मीही दोन्ही हात वर करून ‘भिर्रर्र’ ओरडलो. तो आवाज माझ्या तोंडातून पुरता बाहेर पडला की नाही, देव जाणे.

पुढचं आठवतं ते चौथ्या दिवशीचं. पुण्याच्या दवाखान्यात घसा सोललेला, छाती ठणकतेय, आणि बायको माझ्या पायाचा अंगठा धरून बसलेली. अंगठाच का, हे मी नंतर विचारलं. “बाकी सगळीकडं नळ्या व्हत्या,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासल्या, सगळ्या स्वच्छ. बिघाड होता तो आतल्या विजेत. हृदय ज्या तालावर चालतं तो तालच अचानक बिघडला आणि ते आकुंचन पावायच्या ऐवजी नुसतं थरथरत राहिलं. मी म्हणालो, “म्हणजे पाइपलाइन चांगली आहे, स्टार्टर गेला.” डॉक्टरांनी शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांना सांगितलं, “लिहून घ्या, पेशंटला आजार समजलेला आहे.” गळपट्टीच्या हाडाखाली त्यांनी एक छोटं यंत्र बसवलं. पुन्हा तसं झालं तर ते आतूनच झटका देणार. आयुष्यभर लोकांच्या मोटारींना स्टार्टर बसवले, शेवटी मलाच एक बसला.

मास्तर भेटायला आला तेव्हा मी विचारलं, मला वाचवलं कुणी? तो म्हणाला, “अ‍ॅम्ब्युलन्स व्हती ना घाटावर. शर्यतीला ठेवावीच लागती. नशीब तुझं.” आणि घाईघाईने विषय बदलून त्याने मोबाइल काढला व मला ती श्रद्धांजली दाखवली.

झालं होतं असं. यात्रेच्या कामांसाठी गावच्या पोरांनी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला होता. त्याचा प्रमुख म्हणजे असा गडी, की कुणाचा वाढदिवस असो, नेमणूक असो की निधन, पहिली पोस्ट त्याचीच पडली पाहिजे. माळा, समया सगळं मोबाइलमध्ये तयारच असतं, फोटो डकवायचा बाकी. मला निळा पडलेला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालताना त्याने पाहिलं आणि कुणाला न विचारता, फेसबुकवरचा माझा जुना फोटो उचलून पोस्ट टाकून मोकळा झाला. ती वाचून आयोजकांनी शर्यत थांबवली. अख्खा घाट माझ्यासाठी दोन मिनिटं शांत उभा राहिला, बैल सोडून. एका गाडामालकाने माझ्या स्मरणार्थ ढाल जाहीर केली. संध्याकाळी खरं कळल्यावर त्याच गड्याने दुसरी पोस्ट टाकली, ‘सायकलवीर सुखरूप’, आणि त्यावर फुगे होते. मी खाटेवर हसायला लागलो तर छातीत अशी कळ आली की नर्स धावत आली. बरगड्या मोडल्यात, ती म्हणाली, हसू नका. कशाने मोडल्या, हे मात्र मी विचारलं नाही. पडलो असेन, असं धरून चाललो.

अडीच महिन्यांनी मी त्या गावात पेढे घेऊन गेलो. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना दिले, मग शर्यतीचा पुकार करणाऱ्याच्या घरी गेलो. हा साठीचा शेतकरी, पण माइक हातात आला की तीन गावांना ऐकू जातो. मी पेढा पुढे केला तर त्याने हातच मागे घेतला.

“मला कशाला देताय पावणं? त्या मॅडमला भेटला का न्हाई?”

“कोण मॅडम?”

“आरं तिच्या! तुमाला कुणी सांगितलंच न्हाई?” तो ओसरीवरून ताडकन उठला. “बसा. इथं बसा. आता ऐका.”

आणि त्याने ती सगळी बारी उभ्या उभ्या मला करून दाखवली.

“तुमी पडला, तशी लोकं म्हणाली फीट आली. एकानं बुक्कीनं कांदा फोडला, नाकाला लावला. तुमच्या मित्रानं चप्पल काढली, ती हुंगवली. कुणी म्हणं बसवा, कुणी म्हणं पाणी पाजा. मी वरून बघतोय, माणूस तर हलंना! तवर गर्दीतून एक पोरगी घुसली. बैलं तपासायला आलेली, जनावरांची डॉक्टर. तिनं कांदा फेकला, चप्पल फेकली, म्हणली, ‘श्वास नाही त्याला, झोपवा खाली!’ आन् गुडघ्यावर बसून जी छाती दाबाया लागली राव! मोठी माणसं वराडली, ‘ए बाई, मारशील की त्याला, हे काय बैल हाय का?’ कट्कन आवाज आला, मला माइकमागं ऐकू आला. एकानं तिचा हात धरला वढायला. तिनं त्याला असं झिडकारलं! आन् माझ्याकडं बघून वराडली, ‘काका, माइकवर मोजा! मोठ्यानं मोजा!’”

म्हातारा ओसरीवर घामाघूम झाला होता. “मी मोजलं. एक, दोन, तीन, चार... हलगीवाल्याला म्हणलं, हाण तू पण. तो हाणतोय, मी मोजतोय, ती दाबतीय. अ‍ॅम्ब्युलन्स टेम्पोंच्या मागं अडकलेली. मी मोजायच्या मधी टेम्पोचा नंबर पुकारला, म्हणलं, काढ रं मुडद्या, माणूस चाललाय! कुणी वाट पाहिली न्हाई, पोरांनी टेम्पो हातानं ढकलून शेतात घातला. तिचे हात गळाले तवा एक पैलवान बसला, मग परत ती बसली. आख्खा घाट मोजत व्हता भाऊ. पाच हजार माणूस एका आवाजात! एवढी बारी न्हाई पाहिली मी जन्मात. मग मशीन आलं, झटका दिला, आन् तुमी एकदा अशी आचकी घेतली...” तो खाली बसला आणि आता त्याने पेढा घेतला.

मला रडू येत होतं आणि उठून नाचावंसंही वाटत होतं. आपलं मेलेलं शरीर एवढ्या माणसांनी मिळून ओढून परत आणलं, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही! आणि मास्तर? त्याने हा भाग मला का सांगितला नव्हता, ते आता उघड होतं. या भागात त्याच्या हातात चप्पल होती.

तडक मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथला मदतनीस म्हणाला, मॅडम इथल्या नव्हत्याच. इथले डॉक्टर रजेवर, म्हणून त्या एका दिवसापुरत्या आल्या होत्या. त्यांचा दवाखाना वर डोंगरात, तळेघरच्या बाजूला. मग त्याने मान हलवली. “लई मनाला लावून घेतलं त्यांनी. तुमचे कोण व्हते ते वारलेले?”

“कोण वारलेले?”

“ते सायकलवाले.”

त्याने सांगितलं त्याचा सारांश असा. मॅडमना त्या दिवसापुरतं यात्रेच्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. श्रद्धांजलीची पोस्ट पडली, त्यांनी वाचली आणि तिथल्या तिथे त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. फुग्यांची पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. आपल्या हाताखाली माणूस गेला, वर त्याच्या बरगड्याही मोडल्या, लोक म्हणत होते तेच खरं झालं, असं त्यांनी मनात धरलं. आता त्यांनी ऑफिसातलं बसून करायचं काम द्या म्हणून अर्ज केला होता. जनावराला हात लावायचा धीर होत नाही, म्हणाल्या.

मी तिथूनच फोन लावला. लागला नाही. त्या भागात फोन लागतच नाही, मदतनीस म्हणाला, मेसेज कधी दोन दिवसांनी पोचतो. मी मेसेज लिहायला घेतला. ‘मी जिवंत आहे’ एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं. एका मेसेजने तिला आतून मारलं होतं, दुसऱ्याने जिवंत करायला मला लाज वाटली. गेलंच पाहिजे, समोर उभं राहिलं पाहिजे.

आता घरची लढाई. दवाखान्यातून आल्यापासून माझी सायकल दुकानात साखळीने बांधलेली होती आणि किल्ली बायकोच्या पर्समध्ये. डॉक्टरांनी हळूहळू चालवायला परवानगी दिली होती, बायकोने नाही. मी सगळी हकीगत सांगितली. ऐकता ऐकता ती भाकरी थापत होती.

“टेम्पोनं जाऊ,” ती म्हणाली.

“डिंभ्यापर्यंत टेम्पोनं. पुढं सायकलनं. अगं, तिची मेहनत वाया गेली नाही हे तिला सांगायचंय. टेम्पोतून हात धरून उतरलो तर ती काय म्हणेल?”

“न्हाई.”

“बरं.”

दोन भाकऱ्या झाल्यावर ती उठली आणि किल्ली माझ्यासमोर आपटली. “मी स्कूटी घेऊन मागं. आन् तोंड बंद केलंत तर तिथंच उतरवीन.” तोंडाची भानगड अशी, की डॉक्टर म्हणाले होते, बोलता येईल इतक्याच दमाने चालवा. बायकोने ते अक्षरशः घेतलं.

त्या दिवसाचा मला अजून शीण नाही, नुसता आनंद आहे. डिंभ्याच्या पुढे रस्ता चढायला लागला. पावसाची भुरभुर, दोन्ही बाजूंच्या खाचरांत भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चाललेली, आणि माझ्या मागे दहा हातांवर रेनकोट घातलेली बायको हॉर्न वाजवतेय. “बोला! बोलत चला!” काय बोलणार? मी पाढे सुरू केले. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. आवणी करणाऱ्या बाया कमरेतून सरळ होऊन बघायच्या आणि खो खो हसायच्या. पहिला चढ संपला तेव्हा मी छातीवर हात ठेवला. चालू होतं! व्यवस्थित, एका तालात चालू होतं! मला वाटलं रस्त्यावर उतरून कुणाला तरी मिठी मारावी, पण जवळ फक्त एक रेडा होता. भीती वाटत नव्हती असं नाही. प्रत्येक वळणावर वाटत होती. पण भीतीपेक्षा घाई मोठी होती.

दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली. पडवीत एक म्हातारी शेळी घेऊन बसली होती, शेळी विताना अडलेली, आणि तिच्यासमोर पाठमोरी एक तिशीची बाई उभी होती. हातमोजे चढवलेले, पण हात नुसतेच अधांतरी. “आजी, तालुक्याला न्याल का हिला?” ती म्हणत होती. “मला आज...” पावलांचा आवाज ऐकून तिने न वळताच विचारलं, “तुमचं कोणतं जनावर?”

“मीच,” मी म्हणालो.

ती वळली. मी हेल्मेट काढलं. “निरगुडसरकडच्या यात्रेत तुम्ही छाती दाबली ना, तो सायकलवाला मी.”

“ते गेले,” ती शांतपणे म्हणाली. “मी पोस्ट वाचली.”

“पोस्ट चुकीची होती, मॅडम.”

तिने उजवा हातमोजा ओढून काढला, माझ्या मानेवर दोन बोटं ठेवली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघायला लागली. पुरतं एक मिनिट. म्हातारी आणि बायको वाकून बघत होत्या. मग ती मटकन पायरीवर बसली, आणि मला वाटलं आता हसेल, तर ती भडकली. “अडीच महिने! अडीच महिने मी झोपले नाही! एका माणसाला वाटलं नाही कळवावं?”

मी मान खाली घातली. तिचं शंभर टक्के बरोबर होतं. मी पोस्ट दाखवून लोकांना हसवत फिरलो होतो, आणि आपल्याला कुणाच्या हातांनी परत आणलं हे विचारायला मला अडीच महिने लागले. मी माफी मागितली. ती कोरडी वाटली, म्हणून पुन्हा मागितली.

ती आत गेली आणि औषधांच्या कपाटातून एक पाकीट घेऊन आली. ते तिने माझ्याकडे नाही, माझ्या बायकोकडे दिलं. “हे तुम्हाला लिहिलं होतं. पत्ता मिळाला होता. टाकायची हिंमत झाली नाही.”

बायकोने ओले हात साडीला पुसले आणि तिथेच उभ्याने वाचायला लागली. मी खांद्यावरून बघितलं. ‘ताई, तुमच्या मालकांना मी वाचवू शकले नाही. मी माझ्याकडून सगळं केलं. मी त्यांना दुखवलं असेल तर मला क्षमा करा. त्यांना एकटं वाटलं नसेल, एवढं मी सांगू शकते. शेवटपर्यंत मी त्यांना सोडलं नव्हतं.’ पुढेही होतं, पण मला अक्षरं दिसेनात.

बायकोने पत्राची घडी घातली आणि ब्लाउजात ठेवली. आजारपणात चार दिवस न रडलेली ही बाई आता ढसाढसा रडत होती. “हे मी नेणार,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “असलं पत्र नवरा शेजारी उभा असताना वाचायला मिळालं, असं नशीब कुणाचं असतं बाई?” आणि तिने डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात धरून, एकावर हातमोजा आणि एक उघडा, आपल्या डोळ्यांना लावले.

तेवढ्यात शेळी जोरात ओरडली. “ओ मॅडम,” म्हातारी म्हणाली, “रडणं मागनं करा, पाय दिसाया लागला.”

डॉक्टरीणबाईंनी कोपराने डोळे पुसले आणि दुसरा हातमोजा चढवला. “शेळीचे पुढचे पाय धरा,” ती मला म्हणाली, “घट्ट.” मी गुडघ्यावर बसून धरले. तिने हात आत घातला.